रविवारच्या आधीची वाट

ट्रेक हा शब्द मुळात बैलांचा. डच भाषेत 'ट्रेक्कन' म्हणजे ओढणं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, म्हणजे बोअर लोकांनी, तो बैलगाड्यांच्या लांबच्या प्रवासाला लावला. 1830च्या दशकात हेच लोक इंग्रजांना कंटाळून, बायकापोरं गाड्यांत घालून हजारोंच्या संख्येनं केप वसाहतीबाहेर पडले, त्या स्थलांतराला 'ग्रेट ट्रेक' असंच नाव पडलं. तिथून शब्द इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून फिरत फिरत आमच्या डोंबिवलीच्या चाळीत आला. तोवर त्याचे बैल सुटून गेले होते आणि पाठीवरची सॅक तेवढी उरली होती. पण हा शब्द मुरबाडच्या रानात पोचला तेव्हा, स्वतःला न कळता, अगदी घरी आल्यासारखा आला. कारण इथल्या डोंगरवाटा बैलांनीच मळलेल्या आहेत.

दर रविवारी पहाटेच्या कसारा लोकलनं आसनगावला उतरणारे, कल्याणच्या स्टँडवर पहिली मुरबाड गाडी पकडणारे घोळके पाहिले की वाटतं, हा शहराचा छंद; चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी सुरू केला असेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. आता वाटत नाही. शहापूर-मुरबाडच्या रानातून आठवड्याच्या आठवड्याला, सोबत करून, ठरलेल्या वारी चालायची रीत आमच्यापेक्षा फार जुनी आहे. आम्ही फक्त वार बदलला आणि पाठीवरचं ओझं बदललं.

माझं मत बदललं ते आहुपे घाटात. गोष्ट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. खोपिवलीहून आम्ही 7 जण निघालो होतो, हातात सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची फिकट झेरॉक्स आणि अंगात अवाजवी आत्मविश्वास. तासाभरात वाट चुकलो. फाल्गुन संपत आला होता, साग निष्पर्ण, पायाखाली पानांचा असा खच की वाट कुठली नि ओढा कुठला कळेना. तेवढ्यात मागून एक मावशी आली. डोक्यावर पाटी, पायात स्लिपर, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. "कुठं निघालात?" म्हणाली. आहुप्याला, म्हटलं. "मग हिकडं कशाला? ही गुरांची वाट." ती खालच्या बाजाराहून मीठ, सुकट आणि रॉकेल घेऊन वर घरी चालली होती. दर आठवड्याला जाते म्हणाली. आज सोबतीच्या बाया पुढं गेल्या म्हणून एकटी. आम्ही तिच्यामागं निघालो. दोनदा ती आमच्यासाठी थांबली. माथ्यावर पोचल्यावर आमच्यातल्या एकानं जमिनीवर लोळण घेऊन "ट्रेक झाला!" अशी आरोळी ठोकली. मावशीचा बाजार झाला होता. ती न थांबता पुढे गेली.

या वाटांचा सगळ्यात जुना लेखी पुरावा नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात आहे. खाली वैशाखरे, तालुका मुरबाड, वर जुन्नर. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख आहे. राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी दिली, याचा तो हिशेबच आहे. त्यातले आकडे वीस हजारांच्या पुढे जातात. भारतातल्या अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हे आकडे मोडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज पुतळे गेले, वरची नावं राहिली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिरो. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी त्या अक्षरांचा अभ्यास केला.

राजघराण्यानं आपला फोटो राजधानीत न लावता घाटाच्या तोंडाशी का लावला? उत्तर सोपं आहे. तिथून लोक जात होते. सोपारा-कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच घाटानं जुन्नरला आणि पुढे पैठणला चढायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात कल्याणचं नाव आहे, आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबींनी घाटवाटा आणि लेणी यांचं नातं उलगडून दाखवलं ते असंच पायी हिंडून. लेणी एकांतासाठी कोरली असं आपण शाळेत शिकतो, पण व्यापाऱ्यांच्या तांड्यांची वाट जिथून जायची तिथंच ती जास्त सापडतात. लेण्याजवळचा दगडी रांजण जकातीचा, असं लोक सांगतात. जकात असो की नसो, वाटेच्या खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि टाकी राजासाठी कुणी खोदत नाही. ती चालणाऱ्यांसाठी असतात.

नाणेघाट हा या कुळातला थोरला. बाकीची भावंडं सांगायची तर भोरांड्याचे दार, दाऱ्याघाट, आहुपे, डोणीचे दार. शहापूरच्या बाजूला चोंढे आणि करोली. 'दार' हे नाव मला फार आवडतं. खालच्या माणसाला सह्याद्री हा डोंगर वाटतच नसावा. ती भिंत, आणि भिंतीला दारं. दार ओलांडलं की घाटघर. नाणेघाटाच्या माथ्यावर एक घाटघर आहे आणि चोंढ्याच्या वर अकोले तालुक्यात दुसरं. नावं ठेवणाऱ्यांनी कल्पनाशक्ती वाया घालवली नाही.

1882च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या घाटांची यादी आहे. साहेबाला वाटेच्या सौंदर्याशी कर्तव्य नव्हतं. कुठून गाडी जाते, कुठून लादलेला बैल, कुठून नुसता माणूस, एवढंच त्याला हवं होतं. पण यादी छापली गेली तेव्हाच ती शिळी झाली होती. 1861मध्ये रेल्वे कसाऱ्याला पोचली, 1865मध्ये थळघाट चढून इगतपुरीला गेली. त्या चार वर्षांत दोन हजार वर्षांचा धंदा मोडला. मीठ आणि तांदूळ डब्यात बसले. शहापूरला आगगाडी मिळाली. मुरबाडला ती अजून मिळालेली नाही. पुढे माळशेज घाटातून मोटाररस्ता झाला आणि नाणेघाटाचं उरलंसुरलं महत्त्वही संपलं.

वाट मात्र मोडली नाही, कारण माल गेला तरी बाजार राहिला. घाटावरच्या महादेव कोळ्याला, पदरातल्या ठाकराला, खालच्या कुणबी-कातकऱ्याला आठवड्याचं मीठमिरची आणायचंच होतं. वरून हिरडा, मध, कोंबड्या खाली यायच्या. खालून मीठ, सुकी मासळी, कापड वर जायचं. आठवडी बाजार हा इथला खरा पंचांगकर्ता. कुणाची सोयरीक, कुणाचं मयत, कुणाची म्हैस व्याली, सगळं बाजारच्या दिवशी कळायचं. आणि एकट्यानं रान तुडवायचं नाही हा नियम होता, म्हणून पाड्यातली माणसं एकत्र निघायची. आजच्या 'ट्रेक ग्रुप'ची व्याख्या यापेक्षा वेगळी करता येईल का, मला शंका आहे.

आठवड्याचा बाजार तसा वर्षाचा म्हसा. मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती ठाऊक. घाटावरून बैल हाकत माणसं उतरायची, आठ-आठ दिवस मुक्काम करायची. बोअरांचा ट्रेक शब्दशः जर कुठं पाहायचा असेल तर तो इथं.

मधल्या काळात या चालण्यावर एक बंधन आलं. 1878च्या कायद्यानं रान 'राखीव' झालं. ठाण्याच्या शेतकऱ्याचं पोट राबावर: फाल्गुन-चैत्रात ऐनाच्या फांद्या छाटायच्या, पाला आणि शेण वाफ्यावर पसरून भाजायचं, त्या राखेत भाताचं रोप चांगलं धरतं. सरकारला त्यात झाडाचा नाश दिसला. तक्रारी एवढ्या वाढल्या की आयोग नेमावा लागला, आणि मुंबई वन आयोगाच्या 1887च्या अहवालात ठाणे-कुलाब्याच्या राबाचा मोठा खल आहे. तेव्हापासून रानात पाऊल टाकणाऱ्याला 'कुठं चाललास' असं विचारणारा कुणीतरी उभा राहिला. आज माहुलीच्या पायथ्याशी आपण वनखात्याचं प्रवेशशुल्क भरतो, त्याची मुळं तिथं आहेत. आणि मार्चमध्ये डोंगरउतारावर धूर दिसला की आमच्यातले उत्साही लोक 'वणवा, वणवा' म्हणून फोटो काढतात. वणवे लागतात, खरे आहेत, वाईट आहेत. पण त्यातला निम्मा धूर राबाचा असतो, हे कुणी त्यांना सांगत नाही.

आता रविवार. आपल्याकडं वार देवांना वाटून दिलेले होते, सुट्टीला कुठलाच नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळावा म्हणून सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे झगडले. 1884मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच द्या, असा त्यांचा युक्तिवाद होता असं सांगतात. रविवारी डोंगरावर जाणाऱ्या किती जणांना लोखंड्यांचं नाव ठाऊक असेल? गडावर पोचल्यावर आम्ही शिवाजी महाराजांचा जयजयकार करतो, तो करावाच. पण गडावर यायला दिवस दिला लोखंड्यांनी.

गिरणगावातला माणूस त्या रविवारी डोंगरावर गेला असेल असं मात्र नाही. तो झोपला, नाहीतर भजनाला बसला. त्याच्यातले कित्येक तर याच डोंगरांतून पोटासाठी उतरलेले. त्यांना पुन्हा चढायची हौस कुठली? डोंगर चढायची हौस यायला दोन पिढ्या डोंगरापासून दूर राहावं लागतं.

पण त्याआधी या रानात आणखी एक घोळका चालून गेला. 1942च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायचे आणि रानात नाहीसं व्हायचं. या तरुणांना वाटा ठाऊक होत्या कारण वाटा त्यांच्या बाजाराच्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या होत्या. 2 जानेवारी 1943च्या पहाटे मुरबाडच्या हद्दीत सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं हुतात्मा झाले. दरवर्षी 2 जानेवारीला लोक सिद्धगडावर जातात, आदल्या रात्रीच चालत निघतात. देखावा पाहायला नव्हे तर आठवण म्हणून डोंगर चढणं, हा प्रकार या तालुक्यात तिथून पक्का झाला असं मी मानतो.

हौशी भटक्यांचा इतिहास त्यानंतरचा आणि तो बऱ्यापैकी माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. 1954मध्ये मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था स्थापन झाली. गो. नी. दांडेकरांनी मराठी माणसाला किल्ल्यांचं वेड लावलं. त्यांच्या पुस्तकांनी गड म्हणजे इतिहासाचा धडा ही समजूत पुसून तिथं मुक्काम करायची जागा ही समजूत आणली. 1977मध्ये हरीश कपाडियांचं 'ट्रेक द सह्याद्रीज' आलं. त्यात कुठल्या स्टेशनला उतरायचं, किती तास लागतात हे नीट लिहिलेलं होतं. मराठीत आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रे'नं तेच काम अधिक प्रेमानं केलं. आमच्या पिढीच्या प्रती घामानं फुगलेल्या आहेत.

एस.टी.चं श्रेय मात्र कुणी देत नाही, म्हणून इथं थांबतो. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर पहिली गाडी धावली, आणि काही वर्षांत लाल डबा देहरी-धसईसारख्या गावांपर्यंत गेला. गोरखगडाला जायचं तर देहरीची गाडी, नाणेघाटाला जायचं तर माळशेजची कुठलीही. रात्रीची मुक्कामी गाडी पकडायची आणि गावच्या देवळात झोपायचं. कंडक्टर विचारायचा, "वैशाखरे की घाटाच्या पायथ्याला?" त्याला आमच्यापेक्षा वाट जास्त माहीत असायची. त्या गाडीत परतणारे बाजारकरी असायचे, कोंबड्या असायच्या, आणि मध्येच आमच्या सॅका. सातवाहनांनंतर घाटाच्या दोन्ही जगांची गाठ एकाच वाहनात पडली ती तेव्हाच. आता ग्रुपची स्वतःची बस दादरहून रात्री निघते, माणशी शुल्कात पोहे-चहा-जेवण धरलेलं असतं, आणि ती गाठ पडत नाही.

माहुलीबद्दल दोन शब्द, कारण शहापूर म्हटलं की ती आलीच. 1636मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवायचा शेवटचा प्रयत्न इथून केला आणि वेढ्यात गड सोडावा लागला. 1670मध्ये मोगली किल्लेदार मनोहरदास गौड यानं मराठ्यांचा पहिला हल्ला परतवला, आमची मोठी हानी झाली. गड त्याच वर्षी नंतर घेतला. आज आसनगावला उतरलं की कळसासारखे सुळके दिसतात. त्यांना नवरा, नवरी, भटजी अशी लग्नातली नावं आहेत. त्यांच्यापासून जरा बाजूला उभा असलेला वजीर कड्यावर चढणाऱ्यांचा. किल्ल्याला इतिहासानं दिलेली नावं फार थोड्यांना आठवतात. लग्नातली मंडळी सगळ्यांना आठवतात.

वसंतातलं चालणं हा या सगळ्यातला सर्वांत नवा प्रकार. सह्याद्रीतला भटक्या पावसाळ्यात आणि थंडीत चालतो. होळी झाली की दोर गुंडाळून ठेवतो. गेल्या काही वर्षांत मात्र फाल्गुन-चैत्रातही घोळके दिसतात. पहाटे चारला निघायचं आणि अकराच्या आत उतरायचं. पळस, पांगारा, काटेसावर पेटलेली असतात, पान एकही नाही. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ठाकरांच्या बाया उजाडायच्या आत वेचून नेतात. त्यांच्या टोपल्या आणि आमच्या टॉर्च एकमेकांना वाटेत भेटतात. वैशाखात करवंदं. चैत्रात रामनवमीसाठी मुंबईहून शिर्डीला निघालेल्या साईपालख्या शहापूरवरून कसारा घाटाकडे जातात, डांबरी रस्त्यानं, अनवाणी पायानं. वसंतात या तालुक्यातून चालत जाणारा सर्वांत मोठा जमाव त्यांचाच. आम्ही स्वतःला भटके म्हणवणारे त्यांना मोजत नाही, हे जरा हास्यास्पद आहे.

आणि वसंतात पाडे निम्मे ओस असतात, हेही सांगायला हवं. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. ती चालायला आली नाहीत तर वाटा झाडीनं गिळायला फार दिवस लागत नाहीत. भोरांड्याच्या दाराची वाट काही ठिकाणी आज आम्हीच, रविवारचे लोक, चालून जिवंत ठेवतो. ही जबाबदारी आमच्याकडं कशी आली, ते सांगून झालंच आहे.

एक चालणारा मात्र उलट्या दिशेनं गेला. 2009मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या वनखात्यानं बाहेर काढला, गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. विद्या अत्रेय आणि वनखात्याचे लोक त्याच्यावर लक्ष ठेवून होते. वयस्कर, शांत, म्हणून त्याला 'आजोबा' म्हणू लागले. शहापूरच्या आजोबा डोंगराचं नाव जसं, तसंच. हा आजोबा सव्वाशेएक किलोमीटर चालला, कसारा स्टेशनच्या परिसरातून गेला, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. कुणाला इजा केली नाही. 2011मध्ये वसईजवळ हमरस्त्यावर गाडीनं त्याला उडवलं. सगळे ट्रेकर मुंबईहून घाटाकडं येतात. हा एकटा घाटाहून मुंबईकडं गेला, कल्याणच्या जुन्या मालासारखा.

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो आणि सह्याद्री बोगद्यानं ओलांडतो. दार, भिंत, घाटघर यांतलं काहीही त्या गाडीतून दिसत नाही.

तर, येत्या चैत्रात नाणेघाट चढणार असाल तर वैशाखऱ्याहून उजाडायच्या आत निघा. वरच्या टाक्यांचा भरवसा फाल्गुनानंतर धरू नका. आणि पायथ्याच्या पाड्यावर बाटल्या भरून मागू नका; उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी घरूनच आणा. मुंबईकर असाल तर ते तानसा आणि भातसा धरणांतलं, म्हणजे शहापूर तालुक्यातलंच असण्याची शक्यता मोठी आहे.